आईबाबांना आयुष्यात एकदाच परदेशी न्यायचंय, कुठे नेऊ?

मोहरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.
आईबाबांना परदेशात कुठेतरी न्यायचंय. बाबा ६८, आई ६४. आईचे गुडघे कुरकुरतात पण ऑपरेशनपर्यंत गेलेलं नाही, सपाटीवर तासभर आरामात चालते, जिने नको म्हणते. दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना इतिहासाचं वेड. आईला काय हवंय ते ती सांगतच नाही, "तुम्ही ठरवा, मला काय, कुठेही चालेल" हे एकच उत्तर. आणि दोघांचं म्हणणं की हे एकदाच, परत आमच्यावर एवढा खर्च करायचा नाही. भाऊ म्हणतो युरोप कर, सगळे तेच करतात.
मला ठिकाणांची यादी नकोय, ती गूगलवर ढिगाने मिळते. तुम्ही स्वतः गेलात आणि अजून डोक्यातून जात नाही असं काय, ते सांगा. आईवडलांना नेलं असेल तर फारच उत्तम.

घाटमाथा
भाऊ बरोबर सांगतोय. पण दहा देश नका करू, स्वित्झर्लंड आणि पॅरिस बास. लोक नावं ठेवतात, ठेवू देत. आमच्या आईसाहेब युंगफ्राऊला बर्फात उभ्या राहून रडल्या होत्या, आनंदाने. ट्रेन डोंगराच्या पोटातून थेट ३४५४ मीटरवर नेऊन सोडते, १९१२ पासून चालू आहे ती. गुडघ्यांना फारसं कामच नाही. फक्त वर हवा विरळ असते तेव्हा रमतगमत चाला आणि बाबांना बीपी वगैरे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

सडाफटिंग
झालं सुरू. पहिल्याच प्रतिसादात युंगफ्राऊ. पहाटे पाचला दारावर थाप, सहाला नाश्ता, मग दिवसभर बस, मध्ये वीस मिनिटं उतरा फोटो काढा चढा. संध्याकाळी भारतीय जेवण, तेही पनीर. यापेक्षा महाबळेश्वरला पंधरा दिवस राहा.

चकली_नं_१
@सडाफटिंग, पनीरने तुमचं काय वाकडं केलंय :)
पॅरिसला माझंही अनुमोदन, पण मोनालिसासाठी लूव्र म्युझियमला जाणार असाल तर मन घट्ट करून जा. चित्र ७७ बाय ५३ सेंटिमीटर, त्यापुढे जाड काच, त्यापुढे कठडा, त्यापुढे उंचावलेले शेकडो मोबाईल. मी वैतागून पाठ फिरवली तर मागच्या भिंतीवर हे एवढं मोठं चित्र, पावणेसात मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. लग्नाची पंगत चाललीय, येशूने पाण्याची वाईन केली ती गोष्ट. चित्रकार व्हेरोनेझे. शंभराच्या वर माणसं, वाजंत्री, वाढपी, कुत्री, एक मांजर रांजणाशी खेळतंय, आणि त्या थाटामाटात एक बाई चक्क काडीने दात कोरतेय! नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये ते व्हेनिसहून उचलून आणलं. आणि अख्खं दालन त्याच्याकडे पाठ करून उभं. मी तिथून हललेच नाही, नवरा शोधत आला शेवटी. लूव्र मंगळवारी बंद असतं हो, तिकिटं काढताना लक्ष ठेवा.

निवांत_पाटील
लई भारी चकलीताई. दात कोरणारी बाई बघायला तरी जाऊन यायला पाहिजे.

आज्जीचा_बटवा
सडाफटिंग, तुम्ही तरुण आहात असं गृहीत धरते. टूरवाल्यांना हसू नका बाबा. हे गेल्यानंतर मला कुठे नेणारं कुणी नव्हतं. मुलगा कॅनडात, त्याला सुट्टी नाही, मैत्रिणींपैकी निम्म्यांना नातवंडं सांभाळायची. बायकांच्या ग्रुपबरोबर केनियाला गेले मी, वयाच्या ६१व्या वर्षी. एकटीने विमान बदलायची भीती वाटायची, ती पहिल्या दिवशी गेली.
मसाई मारामध्ये नदीकाठी गाडी लावून बसलो होतो. विल्डबीस्टचा, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचा, कळप पलीकडे यायचा होता. हजारोंनी उभे, पुढचा काठापर्यंत यायचा, पाण्याकडे बघायचा आणि मागे फिरायचा. की सगळे मागे. पुन्हा दुसरा यायचा. तास गेला, दीड तास गेला, गाडीतल्या बायकांनी चिवडा काढला. मग कुठल्यातरी एकाने उडी टाकली आणि जे काही सुरू झालं, तो धुरळा, तो आवाज! मगरी होत्याच. एक पिल्लू अर्ध्यात वाहून गेलं आणि त्याची आई पलीकडे चढून परत वळून उभी राहिली. चिवडा तसाच हातात राहिला सगळ्यांच्या. जुलै ते ऑक्टोबर हा काळ असतो याचा.
शाकाहाराचा अजिबात प्रश्न आला नाही, नैरोबीत गुजराती लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. पण मोहरी, एक महत्त्वाचं. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि साठीच्या पुढच्या लोकांना ती लस विचार करूनच देतात. मला डॉक्टरांनी बरंच तपासून दिली. तेव्हा आईबाबांसाठी ही गोष्ट आधी बघ, बुकिंग नंतर.

सडाफटिंग
आज्जी, दंडवत. शब्द मागे घेतो. पनीरबद्दलचे नाही घेत.

मोहरी
@आज्जीचा_बटवा, लशीचं अजिबात माहीत नव्हतं, खूप आभार. आई प्राणी बघायला एका पायावर तयार होईल पण बाबा म्हणतील त्यापेक्षा ताडोबाला जाऊ.

निवांत_पाटील
मी जपानात कामाला होतो काही वर्षं, ओसाकाजवळ. लोकं क्योटोला जाऊन ती लाल कमानींची रांग बघतात ना, फुशिमी इनारी, ती दिवसा दहा वाजता बघितली तर आपल्या पंढरपूरच्या दर्शनबारीत आणि तिथं काही फरक नाही बघा. आम्ही कामावरनं सुटून रात्री जायचो. ते देऊळ चोवीस तास उघडं, तिकीट नाही काही नाही. डोंगर काय फार नाही, २३३ मीटर, पण वरपर्यंत कमानीच कमानी. वर चढताना नुसत्या लाल दिसतात आणि उतरताना बघितलं तर प्रत्येक खांबाच्या मागच्या बाजूला काळ्या अक्षरात देणगीदाराचं नाव आणि तारीख. कुठली कंपनी, कुठलं दुकान. इनारी भाताचा आणि धंद्याचा देव, म्हणून व्यापारी लोक देतात. मला एकदम आमच्या गावच्या देवळातल्या फरशा आठवल्या, कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. रात्री दिवे लांब लांब असतात, मधल्या अंधारात आपल्याच बुटांचा आवाज येतो आणि एखादं मांजर बसलेलं असतं.
पण मोहरीताई, शाकाहारी आईबाबांना जपान जरा अवघडच. भाजीच्या सुपातसुद्धा माशाचा अर्क असतोय, त्याला दाशी म्हणतात, आणि त्यांना ते मांसाहारी वाटतच नाही. "मासा नाही ना?" विचारलं की नाही म्हणतात, कारण तुकडा नसतो! बौद्ध मठांत मात्र खरं शाकाहारी जेवण मिळतं. कोयासानला मठात मुक्काम करता येतो, तिथं निवांत जेवला माझा बाप.

चकली_नं_१
जपानला नेलं होतं म्हणजे तुम्ही बाबांना! त्यांचा अनुभव लिहा की, धागा त्याचाच आहे.

निवांत_पाटील
त्यांना शिंकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, लई आवडली. मंदिरं, डोंगर सोडून स्टेशनवर बसून गाड्या किती सेकंद उशिरा येतात ते घड्याळ लावून बघत होते. एसटीत कंडक्टर होते ते, २९ वर्षं.

रत्नांग्रीकर
इतिहासवेड्या बाबांसाठी लिहितो, जरी आत्ता तिथे जा असं मुळीच सांगणार नाही.
मंडाले, ब्रह्मदेशातलं (आताचं म्यानमार). २०२१च्या लष्करी उठावाआधी गेलो होतो, तेव्हा जाता येत होतं. आम्ही रत्नागिरीचे, लहानपणापासून थिबा पॅलेस म्हणजे शाळेच्या सहलीची जागा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं, आधी मद्रास आणि मग रत्नागिरीत आणून ठेवलं ते मरेपर्यंत. १९१६ मध्ये वारला, समाधी आमच्याकडेच. समुद्राकडे तोंड करून बसलेला हा राजा कुठून आला ते बघायचं माझ्या डोक्यात होतं.
मंडालेचा राजवाडा बघून मात्र निराशा झाली, कारण तो मूळचा नाहीच. दुसऱ्या महायुद्धात जळाला, आता आहे तो १९९०च्या दशकात पुन्हा बांधलेला. पण थिबाने एक काम केलं होतं. त्याचा बाप मिंडोन ज्या इमारतीत वारला ती त्याने राजवाड्यातून सोडवून बाहेर हलवली आणि तिचा मठ केला. म्हणून ती वाचली. श्वेनानडॉ नाव. अख्खी सागवानी, आतबाहेर इंचभर जागा कोरीवकामाशिवाय नाही, एके काळी सोन्याचा मुलामा होता, आत अजून दिसतो. अनवाणी जावं लागतं आणि ते सागवान पायाला गार लागतं, आमच्या जुन्या घरातल्या माजघरासारखं.
आता गंमत बघा. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात. आणि त्याच वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत, १९१० मध्ये त्याच्यासाठी तो पॅलेस बांधून झाला. इंग्रजांनी दोन गावांची माणसं अदलाबदल करून ठेवली होती! हे मी त्या मठाच्या पायरीवर बसलेलो असताना डोक्यात जुळलं आणि बरोबरच्या बर्मी गाइडला सांगितलं. त्याला टिळक माहीत नव्हते, पण रत्नागिरी म्हटल्यावर ताडकन उठून उभा राहिला. "तुम्ही राजाची समाधी बघितलीय?" म्हणाला. मी म्हटलं घरापासून फार लांब नाही. त्यानंतर त्याने माझ्याकडून दिवसाचे पैसे घ्यायला नकार दिला, शेवटी जबरदस्तीने दिले.
आता तिकडे यादवी चालू आहे आणि मार्च २०२५च्या भूकंपाने मंडालेचं बरंच नुकसान केलं. त्यामुळे हे नुसतंच वाचण्यासाठी.

घाटमाथा
क्या बात है! टिळक-थिबा हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि कधी जोडलंच नव्हतं. वाचनखूण साठवली.

सुशेगाद
आम्ही हनिमूनला मॉरिशसला गेलो, सगळे जातात तसे, बीच बघायला. गोव्याच्या माणसाने बीच बघायला मॉरिशसला जायचं, सासरे अजून हसतात. पण नशीब असं की गणेशचतुर्थीच्या दिवसांत होतो आणि तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते! आमच्या टॅक्सीवाल्याचं आडनाव विचारलं तर शुद्ध कोकणी-मराठी आडनाव. बोलायचा क्रिओल आणि फ्रेंच, मराठीत फक्त आरत्या येत होत्या. घरी घेऊन गेला विसर्जनाला. "सुखकर्ता" पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकल्याशिवाय म्हणाला, आणि मला दुसऱ्या कडव्यापुढे येत नव्हतं, मी नुसतं तोंड हलवत होतो.
पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, जागतिक वारसा. १८३४ पासून साडेचार लाखांच्या वर मजूर भारतातून तिथे उतरले, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. दगडी पायऱ्या आहेत सोळा, त्याच चढून ते आत गेले. छोटीशी जागा आहे, पर्यटक फिरकतही नाहीत फार. भारतीयांना व्हिसाची कटकट नाही. आईबाबांना झेपेल.

केप्लर_आजोबा
मी नॉर्वेत ट्रॉम्सोला उत्तरप्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, बघितला. उत्तर अक्षांश ६९. एक खरं सांगतो जे फोटोवाले सांगत नाहीत, कमजोर असेल तर डोळ्यांना ते हिरवं दिसतच नाही, राखाडी ढगाचा पट्टा दिसतो. कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवतो म्हणून त्यात हिरवं. आमच्या बसमधले लोक आकाश सोडून स्क्रीनकडे बघत होते. मग मध्यरात्रीनंतर एकदम जोर धरला आणि तेव्हा मात्र नुसत्या डोळ्यांनी हिरवं, खालच्या कडेला गुलाबी, आणि ते हलतं हो, पडदा झटकल्यागत. सूर्याकडून येणारे कण वरच्या ऑक्सिजनवर आदळतात, सगळं मला माहीत होतं, ४० वर्षं फिजिक्स शिकवलं. काही उपयोग झाला नाही, तोंड उघडं ते उघडंच. उणे १४ होतं. गुडघेवाल्यांना बर्फावरून घसरायची भीती, त्यामुळे मोहरी तुझ्या आईला नको.

भटकी_भिंगरी
कंबोडिया! कुणीच कसं लिहिलं नाही अजून. मी आईबाबांना घेऊन गेले होते, बाबा ७०चे होते तेव्हा.
अंकोरवाट बाराव्या शतकातलं, सूर्यवर्मन दुसरा, मुळात विष्णूचं देऊळ. सगळे पहाटे तळ्याकाठी सूर्योदयाच्या फोटोला गर्दी करतात. आम्ही ते सोडलं आणि सरळ भिंतींवरची शिल्पं बघायला गेलो, सगळं तळमजल्याला, जिने फारसे नाहीत. पूर्वेला समुद्रमंथन आहे, ४९ मीटर लांब एकच पट. मध्ये विष्णू, खाली कासव, एकीकडे असुर, एकीकडे देव, आणि देवांच्या रांगेत शेपटाकडे शेवटी वानर. पश्चिमेला कुरुक्षेत्र. तिथे आमच्या आईने गाइडच्या आधी बोट दाखवून सांगितलं, "हा बघ भीष्म, बाणांवर निजलाय." गाइड गप्प. नंतर दिवसभर तो आईलाच विचारत होता हे कोण ते कोण, आणि आई कीर्तनकाराच्या थाटात सांगत होती. दारात अष्टभुज विष्णू आहे, स्थानिक लोक अजून पूजा करतात, आईने पण हळदकुंकू काढलं पर्समधून. (नेहमी असतं.)
प्रॅक्टिकल: तिकीट एक दिवस ३७ डॉलर, तीन दिवस ६२. खांदे-गुडघे झाकलेले कपडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा, एप्रिलला भाजून निघाल. मधल्या शिखरावर जायचा जिना भयानक उभा आहे, आईला खाली बसव सरळ. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या, जरा फाटलेली दिसली की घेत नाहीत. थायलंडकडून रस्त्याने जायचा विचार असेल तर नको, २०२५ मध्ये त्यांची सीमेवर लढाई झाली, विमानानेच जा आणि बातम्या बघून जा.

रत्नांग्रीकर
अनुमोदन. अवांतर, १९८६ ते ९३ आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे दुरुस्तीचं काम केलं होतं.

सडाफटिंग
मी इस्तंबूलचं सांगतो. आया सोफिया, ५३७ सालची इमारत, आधी चर्च, मग मशीद, मग म्युझियम, २०२० पासून परत मशीद. परदेशी पाहुण्यांना वरच्या सज्जातून बघायला २५ युरो. त्या सज्जाच्या संगमरवरी कठड्यावर एका व्हायकिंगने रून लिपीत आपलं नाव कोरून ठेवलंय, हाफदान. बाकीचं झिजलंय, नाव तेवढं वाचता येतं. हजारेक वर्षांपूर्वी स्वीडन-नॉर्वेकडचा कुणीतरी सम्राटाच्या पदरी शिपाईगिरी करायला आला, प्रार्थना लांबली, कंटाळला आणि सुरा काढला. सिंहगडावर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि इथे त्याच प्रकाराला काचेचं संरक्षण.
पण खरी मजा फेरीची. एमिनोन्यूहून कादिक्यॉयला साधी सरकारी बोट, वीसेक मिनिटं, युरोपातून आशियात. लोक कामावर चाललेले असतात. चहावाला ट्रे घेऊन फिरतो, कंबर बारीक असलेले काचेचे पेले. मागच्या डेकवर बसायचं, सिमित घ्यायचा, तिळाचं कडं असतं पावाचं, आणि तुकडे सीगलला उडवायचे, ते हवेतल्या हवेत झेलतात. दिवसातून चार वेळा नुसता इकडून तिकडे जात होतो.

घाटमाथा
तुर्कस्तान? २०२५ मध्ये त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली ते विसरलात वाटतं. एक रुपया खर्च करणार नाही मी तिथे.

सडाफटिंग
मी त्याच्या आधी गेलो होतो. आणि चहावाल्याने कुणाची बाजू घेतली नव्हती.

घाटमाथा
चहावाला कर भरतो ना सरकारला?

आज्जीचा_बटवा
मुलांनो, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मोहरीच्या आईचं चाललंय.

मोहरी
मंडळी, काल रात्री दोघांना सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बाबा रत्नांग्रीकरांच्या प्रतिसादाला दोनदा थांबवून "परत वाच" म्हणाले, आणि आता म्हणतायत परदेश राहू दे, आधी थिबा पॅलेस. आई नेहमीप्रमाणे गप्प होती. भीष्माला मान हलवली फक्त. आणि झोपायला जाताना दारात थांबून म्हणाली, "ती बोट आहे ना, चहा मिळतो ती, तिथे फार महाग असेल का गं?"
६४ वर्षांत पहिल्यांदा बाईने स्वतःहून काहीतरी मागितलंय!!

चकली_नं_१
डोळ्यात पाणी आणलंस. तिकीट काढ.

निवांत_पाटील
भाऊच्या धक्क्यावरनं मांडव्याला न्या तोवर, सीगल तिथं पण येतात थंडीत. चहा थर्मासात.

घाटमाथा
आईंसाठी माघार. माझं मत तेच आहे, पण मोहरी तू जा.

सडाफटिंग
@मोहरी, व्हिसाचं आधी बघ. भारतीयांना ई-व्हिसा सरसकट मिळत नाही, अमेरिका, यूके किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) चालू व्हिसा असेल तर मिळतो, नाहीतर रीतसर अर्ज. शहर चढउताराचं आहे, गलात्याकडे हॉटेल अजिबात घेऊ नको, आईचे गुडघे संपतील. सुलतानअहमतला घे, दारात ट्राम, बोटीपर्यंत थेट. आया सोफियाच्या सज्जात जायला जिना नाही, दगडी उतरंडीचा रस्ता आहे, पण दगड गुळगुळीत झालेत, हात धरून ने. खायला मसुराचं सूप, मर्जिमेक म्हणतात, फक्त मटणाच्या पाण्यात केलंय का ते दर वेळी विचारायचं. पालक-चीजचं ग्योझलेमे म्हणजे आपल्या पराठ्याची चुलत बहीणच. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर.

मोहरी
ई-व्हिसावाला एकही व्हिसा नाहीये आमच्याकडे. रीतसर अर्जाला साधारण किती आधी सुरुवात करावी? आणि बाबा विचारतायत तो हाफदान नक्की कुठल्या बाजूच्या सज्जात आहे.

सडाफटिंग
दक्षिणेच्या. अर्जाचं व्यक्तिगत निरोपात कळवतो.

भटकी_भिंगरी
हळदकुंकवाची डबी हँडबॅगेत नको हं, चेक-इनमध्ये टाक. आमची सिक्युरिटीने उघडली होती आणि तिथला पोरगा शिंकत सुटला.